शाळेचा पट, गावातली माणसं आणि नाक्यावरचा माल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायत सदस्य, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं आणि बाजार समितीच्या आवारात चहा पिता पिता भांडणारी मंडळी यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सगळी सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत. लोकसंख्येचे बरेचसे आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत. त्याहून ताजी मोजणी आपल्याकडे नाही, आणि त्याची किंमत कोण मोजतं हेही खाली आहे.

शिक्षण, लोकसंख्या आणि व्यापार हे तीन विषय एकाच पानावर कशासाठी?

कारण मंत्रालयात त्यांचे मजले वेगळे असले तरी गावात ते एकाच घरात राहतात. कांद्याला भाव मिळाला नाही की धाकट्याची फी थकते, थोरला पुण्याला कंपनीत जातो. तो तिकडेच संसार थाटतो आणि पाच-सात वर्षांनी गावातल्या शाळेचा पट दोनाने कमी होतो. तेव्हा शिक्षण विभागाचा अधिकारी म्हणतो, पट कमी आहे, शाळा चालवणं परवडत नाही. त्याच्या फायलीत कांदा कुठेच नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपली धोरणं माणूस आहे तिथेच बसून राहणार असं धरून आखली जातात. शाळा वस्तीपासूनच्या अंतरावर ठरते, रेशनचा इष्टांक (किती माणसांना धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा) जुन्या जनगणनेवर ठरतो, बाजार समितीचं क्षेत्र तालुक्याच्या हद्दीवर ठरतं. माणसं मात्र हलत असतात, आणि मालही.

२० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा बंद होणार का?

‘बंद’ हा शब्द कुठलंच सरकार वापरत नाही. ‘समायोजन’ म्हणतात, ‘समूह शाळा’ म्हणतात. पण प्रश्न खोटा नाही.

राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा आहेत. २०२२-२३ च्या सुमारास सरकारनेच सांगितलेल्या आकड्यांनुसार त्यांत एक लाख ८५ हजारांच्या आसपास मुलं आणि २९ हजारांहून अधिक शिक्षक होते. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक. अर्थखात्याच्या नजरेने पाहिलं तर हा हिशेब महागच दिसणार. याआधी डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचा निर्णय झाला होता, तेव्हाही कारण हेच होतं. त्या वेळी ‘गुणवत्ता’ असंही जोडलं होतं: चार मुलांत मूल शिकत नाही, खेळत नाही, स्पर्धा नाही.

या युक्तिवादात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. पहिली ते चौथीत मिळून पाच मुलं असतील तर कबड्डीचा संघ होत नाही आणि तिसरीच्या एकुलत्या एका मुलीला गणितात आपण कुठे आहोत हे कळत नाही. शिक्षक दोन असले तरी त्यांतला एक केंद्रावर बैठकीला, नाहीतर मतदार यादीच्या कामाला, नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला रेंज शोधत गेलेला असतो.

तरीही या शाळा कुठे आहेत ते पाहा. कोकणातल्या वाड्या, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे पाडे, नंदुरबार-गडचिरोलीतल्या वस्त्या, बंजारा तांडे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. कागदावरचा एक किलोमीटर आणि जुलै महिन्यातला एक किलोमीटर यांत फरक असतो. मधे ओढा असतो, ओढ्यावर साकव असतो, आणि साकवाच्या दोन फळ्या गेल्या पावसात वाहून गेलेल्या असतात. सहा वर्षांचं पोर तिथून एकटं जाणार नाही. घरचं कोणी सोडायला जाईल तर त्या दिवसाची लावणीची मजुरी बुडणार. मग मूल घरीच राहतं. त्यात मुलगी असेल तर तिचं नाव पटावर राहतं आणि ती धाकट्याला सांभाळते.

समूह शाळा ही कल्पना मुळात वाईट आहे का?

नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने जिल्ह्यांकडून समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही दोन उदाहरणं दिली गेली. आसपासच्या लहान शाळांतली मुलं एका चांगल्या इमारतीत आणायची, विषयाला शिक्षक द्यायचा, प्रयोगशाळा, मैदान, ग्रंथालय द्यायचं. यात नाकारण्यासारखं काय आहे?

अडतं ते वाहनावर. समग्र शिक्षा अभियानात अशा मुलांसाठी वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, वर्षाला मुलामागे सहा हजार रुपयांपर्यंत. म्हणजे शाळेचे दहा महिने धरले तर महिन्याला सहाशे. डोंगराळ भागात वडापवाला (खासगी जीपने प्रवासी नेणारा) रोजच्या दोन फेऱ्यांना यात तयार होत नाही, आणि झालाच तर जीपमध्ये चौदा पोरं कोंबतो. शिवाय पैसे पालकाच्या खात्यावर जमा होतात, तेही उशिरा, आणि डिझेल रोज लागतं. ज्या गावात समूह शाळेचा प्रस्ताव येईल तिथे इमारतीच्या नकाशाआधी गाडीचा करार दाखवा म्हणावं: कोणाची गाडी, किती आसनं, सोबत बाई कोण, आणि गाडी बंद पडली तर दुसरी कोणाची.

याच राज्यात वाहतुकीचं एक बऱ्यापैकी चाललेलं उदाहरण आहे. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी एसटीच्या निळ्या बसगाड्या धावतात, आणि त्यांमुळे आठवीनंतर घरी बसणाऱ्या कितीतरी मुली कॉलेजपर्यंत गेल्या. म्हणजे जमतं. पण त्या मुली चौदा-पंधरा वर्षांच्या असतात. पहिलीतल्या पोराला एसटीच्या थांब्यावर उभं करून चालत नाही.

दोन शिक्षकांवर चार वर्ग, ही सक्ती कोणाची?

कायद्याचीच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. इयत्ता किती याला महत्त्व नाही, डोकी किती याला आहे. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याच्या, शासन निर्णयाने हे निकष आणखी ताणले म्हणून शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या होत्या. शहरातल्या ५९ मुलांच्या शाळेला आणि दुर्गम भागातल्या ९ मुलांच्या शाळेला एकच सूत्र लावलं की दोन्हीकडे अन्याय होतो. इयत्तांची संख्या सूत्रात धरावी, ही मागणी मला रास्त वाटते.

पट कमी होतोय तो मुलं कमी जन्मतात म्हणून, की सगळी इंग्रजी शाळेत जातात म्हणून?

दोन्ही, पण प्रमाण जिल्ह्यागणिक वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २०१५-१६ ला १.९ होता, तो २०१९-२१ ला १.७ वर आला. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. म्हणजे बाहेरून कोणी आलंच नाही असं धरलं तर आपण आकुंचन पावू लागलोच आहोत.

त्यावर तालुक्याच्या गावातली इंग्रजी माध्यमाची शाळा. सकाळी सातला तिची पिवळी गाडी वाडीत येते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरूनच मुलं उचलून नेते. फुकट शाळा दारात असताना माणूस कर्ज काढून फी का भरतो, याचं उत्तर ‘लोकांना इंग्रजीचं वेड’ एवढ्यावर संपवणं मला पटत नाही. तिथे वर्गाला एक शिक्षक असतो. त्याला शिकवता येईल न येईल, पण तो वर्गात असतो.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव प्रवेशांबद्दलही नेहमी विचारणा होते, म्हणून थोडक्यात. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नको, असा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. प्रवेश जुन्या पद्धतीनेच होतात.

कोकणाची लोकसंख्या खरंच घटली आहे?

हो, आणि ही सुरुवात नवी नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला, सिंधुदुर्ग आठ लाख ६९ हजारांवरून आठ लाख ५० हजारांवर. त्याच काळात ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर गेला. पुढे २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा काढावा लागला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत. हा आकडा वाचून काही जण कोकणाचं कौतुक करतात, मुलींना मान आहे म्हणून. थोडा असेलही. पण मुख्य कारण असं की पुरुष मुंबईत, विरारला, बदलापूरला आहेत.

गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतो, घरांना कुलपं नसतात, एसटीला जागा नसते. बाकीचे दहा-अकरा महिने आजी, आजोबा आणि एखादी सून. अशा गावात शाळेपेक्षा आधी काय लागतं? बीपीच्या गोळ्या मिळणारं उपकेंद्र, पेन्शन काढायला चालत जाता येईल असं पोस्ट. आपल्या ग्रामविकास आराखड्यात अजूनही अंगणवाडीची खोली पहिल्या क्रमांकावर असते, कारण नमुना तसा छापलेला आहे.

राजकीय किंमतही आहे. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेनंतर रत्नागिरीला विधानसभेचे ५ आणि सिंधुदुर्गाला ३ मतदारसंघ उरले. दोन्हीकडे आधी जास्त होते. मुंबईत ३६, पुणे जिल्ह्यात २१. येत्या जनगणनेनंतर पुन्हा फेररचना झाली तर हीच दिशा पुढे जाईल. जिथून माणूस गेला तिथला आवाजही जातो, आणि मग रस्त्याला निधी मागणाराही कमी होतो.

दोन अपत्यांचा नियम अजून आहे का?

आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद लढवता येत नाही. सरकारी नोकरीसाठी २००५ चे लहान कुटुंबाचे नियम आहेत. जननदर १.७ वर आल्यावर हा नियम कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. सरपंचाला लागू आणि आमदाराला नाही, यामागचं तर्कशास्त्र मला कधी सापडलेलं नाही. याची झळ सर्वांत जास्त बसते ती घरात ज्यांचा शब्द चालत नाही अशा बायकांना.

बीडचं नाव प्रत्येक वेळी का निघतं?

कारण तीनही विषय तिथे एकमेकांत गुंतले आहेत आणि उघडे दिसतात.

२०११ ला बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४. दहा वर्षांपूर्वी बीडही ८९४ वर होतं, म्हणजे एका दशकात ८७ ने खाली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला होता, हे त्या पार्श्वभूमीवर वाचवत नाही.

बीड, आणि त्याला लागून असलेला अहिल्यानगर, जालना, परभणीचा कोरडवाहू पट्टा ऊसतोड मजूर पुरवतो. दिवाळीच्या आगेमागे मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो. ती ‘कोयत्या’ला असते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, एकटा माणूस अर्धा कोयता. इथून पुढचं सगळं या एककातून निघतं. लग्न झालं तर कोयता पुरा होतो आणि उचल पूर्ण मिळते. आई-बाप पाच-सहा महिने सांगली-कोल्हापूरला, कर्नाटकात जाणार, मग चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचं? उत्तर म्हणून तिचं लग्न लावलं जातं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के आलं. आजारपणाचा एक दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याला पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीडच्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत काम चुकायला नको, हे कारण त्या बायकांनीच सांगितलं.

शाळेचं काय? पूर्वी कारखान्यांवर ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा होत्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांनी नियमित शाळेतच बसावं असं ठरलं आणि गावातच हंगामी वसतिगृहं सुरू झाली: मूल गावात राहील, आजी किंवा शेजारीण सांभाळेल, जेवणाचे पैसे सरकार देईल. कल्पना उत्तम होती. पण मजुरांची टोळी दिवाळीला हलते आणि वसतिगृहाची मंजुरी डिसेंबर उजाडला तरी येत नाही. तोवर मूल कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) पोचलेलं असतं, आई फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, वाढं (उसाचे शेंडे) बांधत असते आणि ते धाकट्या भावंडाला घेऊन बैलगाडीच्या सावलीत बसलेलं असतं. २०२१ पासून संत भगवानबाबा यांच्या नावाने या मुलांसाठी सरकारी वसतिगृहांची योजना आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. दोन्ही चांगलंच. मात्र कोयता हे एकक कोणी मोडायला तयार नाही. उचल माणशी द्या आणि बाईच्या कामाची मजुरी बाईच्या खात्यावर द्या, एवढी साधी मागणी कारखानदार आणि मुकादम यांच्यामध्ये हरवते.

जकात गेली. मग मालाची वाट मोकळी झाली का?

पुष्कळ झाली. जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर महापालिका घेत असे तो कर. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर रात्र-रात्र उभे राहणारे ट्रक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचं मोल सांगायला नको. बाकीच्या महापालिकांत २०१० नंतर टप्प्याटप्प्याने जकातीऐवजी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकानं बंद ठेवली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला. मुंबईची जकात मात्र ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीपर्यंत, जीएसटी येईपर्यंत, टिकली.

पण नाका गेला तशी महापालिकेची स्वतःची कमाईही गेली. राज्याने कायदा करून स्थानिक संस्थांना भरपाई द्यायचं ठरवलं, दरवर्षी आठ टक्के वाढ धरून. ती येते. तरी फरक पडतोच. पूर्वी शहरात धंदा वाढला की पालिकेची तिजोरी भरायची. आता धंदा वाढो न वाढो, हप्ता मंत्रालयातून येतो. लहान शहरांच्या आयुक्तांना पगाराच्या तारखेला हप्ता वेळेवर येईल ना, याचीच काळजी असते.

शेतकऱ्याला बाजार समितीबाहेर माल विकता येतो का?

फळं आणि भाजीपाला विकता येतो. जुलै २०१६ मध्ये राज्याने तो नियमनमुक्त केला, म्हणजे समितीतच विकायची सक्ती काढली, त्यात कांदा-बटाटाही आला. त्याच वेळी आडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. केंद्राच्या २०२० च्या तीन कृषी कायद्यांवरून देशभर रान पेटलं, तेव्हा महाराष्ट्रात अनेकांनी खांदे उडवले त्याचं एक कारण हे. त्यातलं बरंचसं इथे आधीच लागू होतं.

तरी लासलगावच्या, नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या बाजार समितीच्या, आवारात ट्रॅक्टरची रांग का लागते? कारण शंभर क्विंटल कांदा चाळीतून काढल्यावर तो कोणीतरी आज घ्यायला हवा असतो. बाहेर घेणारा भेटतो, पण तो पैसे बुडवून पळाला तर दाद कुठे मागणार? समितीत निदान परवानाधारक व्यापारी असतो, चोवीस तासांत पैसे द्यायचा नियम असतो आणि तक्रारीला दार असतं.

आवारातला प्रकार एकदा उभं राहून पाहण्यासारखा आहे. सचिव, व्यापारी, हमाल यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी दोन मिनिटंही थांबत नाही. कोणी वरचे चार कांदे उचलतो, दाबतो, बोली चढते, पावती फाटते, घोळका पुढे. खरी कसोटी नंतर, व्यापाऱ्याच्या खळ्यावर. ट्रॉली ओतली की तळाशी गोल्टी (बारीक कांदा) निघाली, ओला निघाला, असं म्हणून भाव खाली आणतात. याला वांदा म्हणतात. शेतकरी कांदा पुन्हा भरून परत नेऊ शकत नाही, म्हणून मान डोलावतो. समितीकडे वांद्याचा निवाडा करायची सोय असते. ती मागणारा शेतकरी थोडा, कारण उद्या पुन्हा त्याच व्यापाऱ्यापुढे ट्रॉली लावायची असते. हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई, वाराई कापलेली असते. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच कपातीच्या वादावरून नाशिक जिल्ह्यातले लिलाव ठप्प झाले होते.

बाजार समित्यांचा १९६३ चा कायदा काढून टाका, असं म्हणणारे आणि त्याला हात लावू नका, असं म्हणणारे, दोघेही हा वांद्याचा क्षण पाहत नाहीत. प्रतवारी लिलावाआधी झाली तर अर्धं भांडण संपेल. त्याला शेड लागते, चाळण्या लागतात, माणसं लागतात. सेसचा, म्हणजे समिती घेते त्या बाजार शुल्काचा, पैसा कशावर खर्च होतो ते समितीच्या ताळेबंदात वाचा. व्यापारी गाळ्यांवर किती आणि प्रतवारीवर किती.

आपला माल दुसऱ्या राज्यात नेण्यावर सरकार बंदी घालू शकतं का?

राज्यघटनेच्या कलम ३०१ ने देशभर व्यापार मुक्त ठेवला आहे. कलम ३०४ मध्ये सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंधांची वाट आहे, आणि महाराष्ट्र त्या वाटेने एकाहून अधिक वेळा गेला आहे.

सर्वांत मोठं उदाहरण कापसाचं. १९७१ चा कायदा करून राज्याने १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना चालवली. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा. ज्या वर्षी शेजारच्या राज्यात भाव जास्त असे, त्या वर्षी यवतमाळचा कापूस रात्री बैलगाडीने आदिलाबादकडे निघे आणि सीमेवर पोलीस तो पकडत. स्वतःच्या शेतातला कापूस नेणं हा गुन्हा होता. शेतकरी संघटनेने ही राज्यबंदी उघड मोडण्याची आंदोलनं केली. योजनेला हमीभावाची एक बाजू होती, हे खरं. पण जवळपास तीस वर्षांत तिचा तोटा राज्याच्या तिजोरीवर बसला आणि विदर्भात पुरेशा सूतगिरण्या काही उभ्या राहिल्या नाहीत.

अलीकडचं उदाहरण उसाचं. पाऊस कमी झाला, ऊस कमी पडणार असं दिसताच सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने ऊस बाहेर न्यायला बंदी केली. कोल्हापूर-सांगलीच्या सीमाभागातले शेतकरी कर्नाटकातल्या कारखान्यांना ऊस घालतात, कारण ते कारखाने आधी सुरू होतात किंवा चार पैसे जास्त देतात. आठवडाभरात आरडाओरडा झाला आणि आदेश मागे घ्यावा लागला. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर हवं, हा नियम आपल्याकडे आहेच. वर राज्याची सीमाही बंद केली तर शेतकऱ्याला एकच गिऱ्हाईक उरतं. मजुराला मात्र हीच सीमा ओलांडायला कोणी अडवत नाही. बीडचा कोयता निपाणीच्या पुढे खुशाल जातो, आणि तिकडे गेल्यावर त्याच्या मुलाच्या शाळेची जबाबदारी कुठल्या राज्याची हे ठरत नाही.

शेतमालाला ई-वे बिल लागतं का?

ई-वे बिल म्हणजे जीएसटीखाली माल नेताना काढायचा ऑनलाइन परवाना. प्रक्रिया न केलेल्या शेतमालाला तो लागत नाही. गुळाची किंवा बेदाण्याची गाडी असेल तर व्यापाऱ्याच्या कर सल्लागाराला विचारूनच भरा. इतर मालाला राज्यात एक लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजारांच्या वर लागतं.

‘अनुशेष’ आणि वैधानिक विकास मंडळांचं पुढे काय झालं?

दांडेकर समितीने १९८४ मध्ये विभागवार मोजदाद करून ३,१८६ कोटींचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट, काढला. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळं झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापायचा ठराव केला. मंडळं असताना निधी पळवल्याच्या तक्रारी होत्याच. फरक इतकाच की मंडळाच्या अहवालामुळे तो कुठून कुठे पळाला हे निदान कागदावर येत होतं.

जनगणना लांबली तर सामान्य माणसाचं काय बिघडतं?

रेशन. अन्नसुरक्षा कायद्यात राज्याचा इष्टांक सुमारे सात कोटी लोकांचा आहे आणि तो २०११ च्या लोकसंख्येवर काढलेला आहे. त्यानंतर लग्न होऊन आलेली सून, जन्मलेलं मूल यांची नावं चढवायला गेलं की ‘इष्टांक संपला’ हे उत्तर मिळतं. वाढत्या शहरांना याचा फटका जास्त.

आता घरयादी २०२६ मध्ये आणि प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून, असं ठरलं आहे. फेब्रुवारीत कारखाने जोरात चालू असतात. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नसतो, तो जिथे असेल तिथे मोजला जातो. म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, धारूर या तालुक्यांतली माणसं शिरोळ-वाळव्याच्या फडात मोजली जाण्याची शक्यता असते, किंवा कोपीपर्यंत प्रगणक पोचलाच नाही तर कुठेच नाही. २०११ ची मोजणीही फेब्रुवारीतच झाली होती.

हे सगळं ठीक, पण आमच्या ग्रामसभेत नेमकं काय मागायचं?

वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. एकीत शाळेचा यू-डायसवरचा (शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला) पट आणि हजेरीपटावरची खरी हजेरी शेजारी शेजारी वाचून दाखवायला सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळे हा अधिकार तुमचाच आहे. गाव ऊसतोडीचं असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी दसऱ्याआधी पाठवा, मुलांच्या नावांसकट, आणि गटशिक्षणाधिकाऱ्याची पोच घ्या. आणि २०२७ च्या जानेवारीत कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर गेली आहे, याची यादी ग्रामसेवकाकडून करून घेऊन तहसीलदारांमार्फत त्या त्या जिल्ह्याच्या जनगणना अधिकाऱ्याकडे पाठवा. मुकादमाच्या वहीत ती नावं आधीच लिहिलेली असतात.